सोरायसिस: गोळी चालू ठेवू की थांबवू?

रविवारची गोळी
वय ४२, सांगली. सोरायसिस (कातडीवर खवल्यांचे चट्टे) ११ वर्षं. गेली ३ वर्षं मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. रविवारी जेवण झालं की अडीच मिग्रॅच्या सहा पिवळ्या गोळ्या तळहातावर मोजायच्या, सोमवारी मळमळ, मंगळवारी फॉलिक ॲसिड. कोपरं, गुडघे, डोकं सगळं साफ आहे. काळा शर्ट घालता येतो, सकाळी गादी झटकावी लागत नाही. घरचे म्हणतात, बरा झालास की, आता कशाला गोळ्या? लिव्हरचे रिपोर्ट आजवर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "चालू ठेवा, बघू." बघू म्हणजे किती वर्षं? कुणी बंद करून पाहिलंय का? औषध-तपासण्या धरून महिना दीड हजाराच्या वर झेपणार नाही.

धडाकेबाज
डोळे झाकून सेक्युकिनुमॅबची इंजेक्शनं घ्या. पहिले पाच डोस दर आठवड्याला, मग महिन्याला. आधी टीबीची तपासणी करतात. मी तिसऱ्या महिन्यात गोव्यात अर्ध्या चड्डीत!

रविवारची गोळी
दीड हजार लिहिलंय हो वर.

धडाकेबाज
तब्येतीपुढे पैसा काय?

बोरूबहाद्दर
कंपनीचा मेडिक्लेम का?

धडाकेबाज
हो. मग?

माहेरवाशीण
दादा, ही जहाल औषधं आधी बंद करा. माझ्या जाऊबाईंनी वमन (उलटी करवण्याचा आयुर्वेदिक उपचार) केलं, मासे आणि दूध एकत्र खाणं सोडलं, दोन वर्षं एक चट्टा नाही.

बांगडाप्रेमी
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माशांवर सोलकढी पितो. आमच्या आळीत कुणाला सोरायसिस नाही.

माहेरवाशीण
सोलकढीत नारळाचं दूध असतं. मी गाईचं म्हणतेय.

नाना
वडिलांना हेच औषध होतं. दुकानदाराने पाकिटावर "रोज १" लिहून दिलं आणि आम्हीही तसंच दिलं. आठव्या दिवशी तोंडभर फोड, पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. नऊ दिवस ॲडमिट. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शिवाय तापाला कुणी सेप्ट्रान (अँटिबायोटिक) दिलं तर आधी सांगा की मी मेथोट्रेक्सेटवर आहे, दोन्ही एकत्र घातक.

खवलेकर
मी मनानेच बंद केलं होतं. चार महिने मजेत. मग डोक्यात कोंडा, इथवर अपेक्षितच होतं. पण एके दिवशी उजव्या हाताचं मधलं बोट सुजून गाजरासारखं झालं. सकाळी तासभर मूठ वळायची नाही, पोळ्यांच्या डब्याचं झाकण मुलगी उघडून द्यायची. गोळी कातडीबरोबर सांधेही धरून होती, हे सांधे दुखायला लागल्यावर कळलं. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का बघा. असतील तर सांध्यांनाही धोका असतो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही करू नका. आता मी ॲप्रेमिलास्ट या दुसऱ्या गोळीवर आहे. पहिला महिना पोट बिघडलं, पण रक्त कमी वेळा द्यावं लागतं.

बोरूबहाद्दर
दारू बंद ठेवा.

चिंतातुर
दारू पूर्ण बंद ठेवा. आणि सांध्यांचं वर आलंच आहे, तेही बघा. मी मेडिकलमधून क्लोबेटासॉल हे स्टेरॉइडचं मलम आणून सहा वर्षं चोपडलं, मांडीची कातडी पतंगाच्या कागदासारखी झालीय. विचारणार कुणाला?

धडाकेबाज
म्हणून म्हणतो, इंजेक्शन.

रविवारची गोळी
सगळ्यांचे आभार. नखं बघितली. दोन बोटांवर खड्डे आहेत. मी समजत होतो दुकानात हातोडी लागून झालेत. आज डॉक्टरांना दाखवली, सांधेही दाबून बघितले. इंजेक्शन नाही, वमन नाही, बंदही नाही. मीच विचारलं, कमी करून बघू का? डॉक्टर नाखुशीनेच हो म्हणाले. १५ वरून १०, पावसाळाभर. बोटं आखडली तर लगेच यायचं, रिपोर्ट ठरल्याप्रमाणे. थंडीत चट्टे आले तर परत सहा गोळ्या. या रविवारी चारच मोजल्या. हात आपोआप पाचवीकडे गेला.

खवलेकर
मी असतो तर नखांचं कळल्यावर कमीही केलं नसतं. असो.

बांगडाप्रेमी
माहेरवाशीण, नारळाचं दूध हेही दूधच.