चार बायका असलेल्या मॉर्मन पूर्वजाचा कुळवृत्तांत कसा लिहावा?

माई, सॉल्ट लेक सिटी

नमस्कार. मी मूळची वाईची, सध्या मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला असते. सासऱ्यांनी आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत छापला होता, त्याची पुरवणी करायचे काम मी हाती घेतले आहे. सून इथलीच, यूटामधली. नातीला दोन्ही घराणी एकाच वहीत वाचता यावीत म्हणून सुनेच्या माहेरची हकीकतही मराठीत लिहायला घेतली आणि तिथे अडले.

सुनेचे खापरपणजोबा मॉर्मन, म्हणजे एकेकाळी बहुपत्नीत्व पाळणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे. घरच्यांना विचारलेले नाही, म्हणून नाव देत नाही. जन्म इंग्लंडमधल्या लँकशरचा. १८५६ मध्ये आईवडिलांबरोबर आयोवा सिटीहून हातगाडी ओढत, सुमारे १३०० मैल चालत ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तेव्हा वय अठरा. पुढे सॅनपीट खोऱ्यात जमीन कसली, पाट खणले आणि चार लग्ने केली. चौघी एकाच काळात नांदत होत्या, त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी. माझी सून चौथीच्या वंशातली.

घरात एक टंकलिखित बाड आहे, पहिल्या बायकोच्या नातवाने केलेले. त्यात पहिलीबद्दल पानेच्या पाने आहेत: तिने ओढलेली गाडी, वाटेत पुरलेला भाऊ, तिचा लोकरीचा चरखा. चौथीबद्दल दोन ओळी. नाव आणि मुलांची यादी. सुनेच्या पणजीचा जन्म १८८७ चा, पण तो स्वतःच्या गावात नाही, दूरच्या खोऱ्यात कुणा परक्या घरी झालेला. का, ते कुठेच नाही. त्याच सुमारास खापरपणजोबा सहा महिने तुरुंगात होते, हे विहीणबाई बोलता बोलता सांगून गेल्या म्हणून कळले.

आमच्या कुळवृत्तांतात ‘प्रथम कुटुंब’, ‘द्वितीय कुटुंब’ अशी मांडणी आहे, पण ती बहुतेक ठिकाणी पहिली वारल्यावर दुसरी अशी. इथे तीच वापरली तर चित्रच चुकीचे उभे राहील. मला त्या चौथ्या बाईला तिची पाने द्यायची आहेत. तिचा माग कुठे लागेल? आणि तुरुंगाचे लिहावे का? आमच्याकडे अशा गोष्टी छापत नाहीत, पण न लिहिता पुढे जाणे मला पटत नाही.

वंशवेल

माई, १८८७ चा तो जन्म आणि तुरुंग या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असणार.

१८८२ च्या एडमंड्स कायद्याने ‘बेकायदा सहवास’ हा वेगळा गुन्हा ठरवला. आधी सरकारला दुसरे लग्न लागल्याचे सिद्ध करावे लागे आणि ते जमत नसे, कारण लग्ने चर्चच्या एंडाउमेंट हाऊस या विधीगृहात बंद दाराआड लागत. नव्या कायद्यात लग्नाचा पुरावा नको. माणूस एकाहून अधिक बायकांबरोबर नवरा म्हणून राहतो, एवढे दिसले की पुरे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, ३०० डॉलरपर्यंत दंड. आता विचार करा, असा सहवास सगळ्यात उघड कशाने होईल? धाकट्या बायकोच्या पोटात वाढणाऱ्या मुलाने. म्हणून दिवस गेलेल्या बायकांना रातोरात दुसऱ्या खोऱ्यात, ओळखीपाळखीच्या घरी, कधी खोट्या नावाने नेऊन ठेवत. त्या काळाला तिथले लोक ‘अंडरग्राउंड’ म्हणत. तुमच्या सुनेची पणजी परक्या घरी जन्मली, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

डॉ. मार्था ह्यूज कॅनन यांचे उदाहरण पाहा. शिकलेल्या डॉक्टर, एंगस कॅनन यांच्या चौथ्या पत्नी. नवऱ्याविरुद्ध आणि ज्यांची बाळंतपणे केली त्या बायकांविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून १८८६ मध्ये तान्ही मुलगी घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या. दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याच बाई यूटाच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमधली ती पहिली स्त्री, आणि हरलेल्या उमेदवारांत त्यांचे पतीही होते.

आता माग कसा काढायचा ते. १८८० ची जनगणना आधी पाहा, पण नवऱ्याच्या घरात शोधून थांबू नका. धाकट्या बायका पुष्कळदा वेगळ्या घरात, स्वतः कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या असतात, कधी माहेरी असतात, कधी ‘विधवा’ असेही लिहिलेले असते. १८९० ची जनगणना तुम्हाला मिळणार नाही. तिचे बरेच कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत जळाले किंवा खराब झाले आणि उरलेले जवळजवळ सगळे पुढे नष्ट केले गेले. नेमके लपण्याछपण्याचे दशक नोंदींतून पुसले गेले, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून १९०० ची जनगणना सोडू नका. त्यात प्रत्येक बाईला किती मुले झाली आणि त्यातली किती हयात आहेत, असे दोन रकाने आहेत. ते आकडे बाडातल्या यादीशी ताडून पाहा. मुलांचे मृत्यूचे दाखलेही काढा, त्यावर आईचे माहेरचे नाव असते.

एक सावधगिरी. ऑनलाइन वंशवृक्षात बायकांची संख्या फुगलेली दिसते. मॉर्मन पंथात विवाहबंधन ‘या जन्मापुरते’ आणि ‘अनंतकाळासाठी’ असे दोन प्रकारचे असे. एखाद्या वृद्ध विधवेचा केवळ परलोकासाठी विधी झालेला असतो, संसार कधीच नसतो. तारीख पाहिल्याशिवाय कुणाला बायकोच्या रांगेत बसवू नका.

वाळवंटातली मराठी, मेसा, ॲरिझोना

मांडणीबद्दल लिहिते. माझे ठाम मत आहे की पुरुषाला मधे ठेवून चार फांद्या काढू नका. चार घरे, चार प्रकरणे करा. असे का म्हणते, ते एका नामांकित घराण्यावरून सांगते. त्यांचे कागद भरपूर उपलब्ध आहेत.

माइल्स पार्क रॉमनी, जन्म १८४३, नॉवू, इलिनॉय. पेशाने सुतार आणि बांधकाम करणारा. एकूण पाच बायका, तीस मुले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉमनी यांचे हे पणजोबा. पुरुषाच्या अंगाने हे चरित्र झरझर वाचून होते: १८६२ मध्ये लग्न, लगेच तीन वर्षे इंग्लंडात धर्मप्रचार, मग सेंट जॉर्ज, १८८१ मध्ये ॲरिझोनातले सेंट जॉन्स, तिथे वर्तमानपत्राचे संपादन आणि विरोधकांशी झुंज, १८८५ मध्ये मेक्सिकोला पलायन, १९०४ मध्ये मृत्यू.

आता तेच आयुष्य पहिली पत्नी हॅना हूड हिल हिच्या बाजूने बघा. तिने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. लग्नाला महिना होतो न होतो तोच नवरा परदेशी. पहिली मुलगी त्याच्या माघारी जन्मली आणि हॅनाने लोकांचे कपडे धुऊन पोट भरले. तो परत आल्यावर १८६७ मध्ये, चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांच्या सांगण्यावरून, कॅरोलाइन लँबोर्न ही दुसरी बायको घरात आली. हॅना लिहिते की नवऱ्याचा वेळ आणि माया वाटली जाणे तिला सोसवत नव्हते, ती घरात येरझाऱ्या घालत रडायची. तरीही श्रद्धेपोटी तिने नव्या बायकोची खोली स्वतः नीट लावली. ही श्रद्धा आणि हे रडणे एकाच बाईचे आहे. दोन्ही लिहायला हवे.

कॅरोलाइनने काही वर्षांनी घटस्फोट घेतला. तो मिळत असे, ही बाजूही अनेकांना ठाऊक नसते. तिसरी कॅथरीन कॉटम, १८७३. तिने सेंट जॉर्जला आईवडिलांना लिहिलेली पत्रे टिकली आहेत आणि त्यांत वेगळेच घर दिसते: आजारपण, पीठ, मुलांचे कपडे, नवरा कुठे लपला आहे ते न लिहिण्याची काळजी. चौथी ॲनी वुडबरी, १८७७. पाचवी विधवा एमिली आयरिंग स्नो, १८९७, म्हणजे चर्चने नवी बहुपत्नी लग्ने थांबवल्याचे जाहीर केल्यानंतर सात वर्षांनी आणि मेक्सिकोत.

नवरा मेक्सिकोला गेल्यावर हॅना मुलांना घेऊन खेचरांच्या गाडीने मागून गेली. त्या वेळी त्या मुलुखात अपाचे आणि सैन्य यांची लढाई चालू होती. पिएद्रास व्हेर्देस नदीकाठी कोलोनिया हुआरेस वसले. मेक्सिकोतही बहुपत्नीत्व कायद्याने मान्य नव्हते, पण पोर्फिरिओ दियास यांच्या सरकारला वसाहत करणारे हात हवे होते, त्यामुळे डोळेझाक झाली. १९१२ च्या जुलैत क्रांतिकारकांनी शस्त्रे मागितली तेव्हा बायकामुले आगगाडीने एल पासोला पळाली. त्यांत हॅनाचा पाच वर्षांचा नातू जॉर्ज होता, पुढे मिशिगनचा गव्हर्नर झालेला.

एक माणूस, पण हॅनाला आणि कॅथरीनला एका परिच्छेदात बसवता येत नाही. तुमच्या चौथीचेही तसेच आहे.

काळा कोट, पुणे

तुरुंगाबद्दल: जरूर लिहा. चोरीदरोड्यासाठी गेलेली ती माणसे नव्हती. कायदा पाळीन असे वचन दिले तर न्यायाधीश सौम्यपणे वागत, आणि अनेकांनी ते वचन दिले नाही, कारण त्याचा अर्थ धाकट्या बायकामुलांना टाकणे असा होता. चर्चचे बडे नेते जॉर्ज क्यू. कॅनन १८८८ मध्ये तिथेच होते. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतल्या कैद्यांमधे बसलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो तुरुंग होता तिथे आज शुगर हाऊस पार्क आहे, तुमच्याच शहरात.

कायद्याच्या इतिहासात आपला संबंध येतो तो असा. १८७९ च्या, मॉर्मन बहुपत्नीत्वाबद्दलच्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की श्रद्धेला हात लावता येणार नाही, पण आचरणाला लावता येईल, आणि उदाहरण दिले नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या बाईचे. बहुपत्नीत्व ही आशियाई आणि आफ्रिकी लोकांची चाल, असेही त्यात म्हटले. हे वाक्य वाचताना मला आजही खुपते. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी खटल्यात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी १९४६ चा द्विभार्या प्रतिबंधक कायदा उचलून धरला, तिथेही श्रद्धा वेगळी आणि आचरण वेगळे हाच धागा आहे.

तुमच्या कामाचा एक मुद्दा: १ जानेवारी १८८३ पूर्वी जन्मलेल्या अशा मुलांना एडमंड्स कायद्याने औरस ठरवले. पणजी १८८७ ची, म्हणजे त्या तारखेनंतरची. तिच्या थोरल्या भावंडांना जे मिळाले ते तिला त्या कायद्याने मिळत नव्हते. वारशाचे कागद, मृत्युपत्र असल्यास, जरूर बघा. बापाने धाकट्यांसाठी वेगळी तरतूद केली का, ते त्यात दिसेल.

गोदाकाठ

मी थोडे वेगळे बोलते. हातगाड्या, पाट, मेहनत हे सगळे वाचून भारावून जायला होते. पण एका पुरुषाच्या चार बायका म्हणजे त्या बायकांची आयुष्ये वाटली गेली, हे नातीला स्पष्ट कळू दे. हॅनाचे रडणे वाचून मला माझ्या आजीची सवत आठवली. तिची घरात एकही वस्तू उरलेली नाही.

कॅम्पातला

माहितीसाठी एवढेच: १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याच्या छावणीतही त्यांनी काम केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकला बहुपत्नीत्वाची शिकवण जाहीर झाली. ती बातमी इथे पोचल्यावर त्यांच्यापुढची अडचण वाढली.

माई, सॉल्ट लेक सिटी

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. गोदाकाठताई, तुमचे म्हणणे मी वहीत जसेच्या तसे उतरवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सुनेला शेजारी बसवून १९०० ची जनगणना उघडली. चौथी तिथे वेगळ्या घरात आहे, स्वतः कुटुंबप्रमुख, पाच मुलांसह. ‘झालेली मुले’ या रकान्यात सात. ‘हयात’ पाच. बाडाच्या यादीत पाचच नावे आहेत. म्हणजे दोन मुले कुणी लिहिलीच नाहीत. सून बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून होती, मग तिने तिच्या आईला फोन लावला. विहीणबाईंनाही हे ठाऊक नव्हते. आता तुरुंगाचे आणि सगळेच लिहायला त्यांची संमती आहे.

प्रकरणे चार घरांची करते आहे. चौथीचे पहिले लिहायला घेतले. त्या दोन मुलांची नावे मिळण्याची काही शक्यता आहे का?

वंशवेल

आहे. मॉर्मनांत तान्ह्या बाळाला आशीर्वाद देऊन नाव ठेवतात आणि त्याची नोंद वॉर्डाच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, वहीत करतात. जुन्या वॉर्डांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) वेस्ट टेंपल रस्त्यावरच्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात बघता येतात, पैसे पडत नाहीत. गावाचा वॉर्ड आणि पणजी जन्मली त्या खोऱ्यातला वॉर्ड, दोन्ही मागा. अंडरग्राउंडच्या वर्षांत बापाचे नाव गाळलेले असू शकते, म्हणून आईच्या माहेरच्या आडनावानेही शोधा. आणि गावच्या दफनभूमीत चौथीच्या थडग्याशेजारी लहान दगड आहेत का, ते विहीणबाईंना पाहून यायला सांगा.