‘फोन ठेवू नका’ म्हणाला, आणि बाबांनी ठेवला नाही

फोनवरून, ऑनलाइन झालेल्या फसवणुकीचे अनुभव इथे एकत्र करूया. चवथीच्या आधी आमच्या घरी जे घडलं ते सांगून सुरुवात करते. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. किती पैसे गेले ते लिहिलं नाहीत तरी चालेल, पण समोरचा नेमकं काय बोलला ते लिहा. दुसऱ्याला सावध करतील ते तेच शब्द.

बाबा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतात. वय ७४, निवृत्त मास्तर. सकाळी फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे झेंडा. ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. दार लावून घ्या. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही उचलू.’ आई पेज घेऊन दारावर आली, तर बाबा आतूनच म्हणाले, डोकं दुखतंय, नको. तांब्याला टेकवून ठेवलेला फोन चार्जरला लावून तीन तास चालू होता. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, त्यांनी त्या लोकांनी सांगितलेले खाते क्रमांक उतरवून घेतले होते.

पहिली रक्कम यूपीआयने गेली. मग ‘ठेव मोडा’ म्हणून त्यांना बँकेत पाठवलं, फोन खिशात चालूच. काउंटरवरच्या मुलीने खिशातला उजेड पाहिला आणि काही न बोलता चिठ्ठीवर लिहून पुढे केलं : ‘सर, कुणाचा फोन आहे?’ ती त्यांची विद्यार्थिनी. ठेव वाचली. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. गेलेल्या पैशांतले थोडे पुढच्या खात्यात गोठवले गेले.

डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यातच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं, आणि बाबांनी तो कार्यक्रम ऐकला होता. तरी सापडले. माहिती होती, पण बंद खोलीत ते एकटे होते.

म्हापसा, फर्निचरचं दुकान

जुनं कपाट विकायला ऑनलाइन टाकलं होतं. घेणारा म्हणाला, मी सैन्यात आहे, बघायला येता येणार नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका की पैसे जमा. पिन टाकला, खात्यातून पाच हजार गेले. ‘चुकून झालं, परत स्कॅन करा’ म्हणाला, तेही केलं! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आता गल्ल्यावर मोठ्या अक्षरात लावून ठेवलंय.

कळंगुट, घरातल्या खोल्या भाड्याने

ताई, आमचे पैसे गेले नाहीत, पण जे पाहिलं ते विसरत नाही. डिसेंबरच्या शेवटी रात्री दहाला पुण्याचं कुटुंब गेटवर. झोपलेलं मूल खांद्यावर, हातात बुकिंगची पावती. तिच्यावर आमच्याच घराचे फोटो, आमचाच पत्ता, फोन नंबर मात्र भलत्याचा. अर्धे पैसे तीन आठवड्यांपूर्वीच दिलेले. आमच्या खोल्या भरलेल्या, म्हणून त्यांना हॉलमध्ये गाद्या घातल्या. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. आगाऊ पैसे मागितले तर नोंदणी क्रमांक विचारा, व्हिडिओ कॉलवर गेटपासून आतपर्यंत घर दाखवायला सांगा. आम्ही आता न विचारताच दाखवतो.

डिचोली

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला.’ बोललो. ॲप घ्या म्हणाला, घेतलं. माझी स्क्रीन त्याला दिसत होती, ओटीपी सांगावाही लागला नाही.

फोंडा, कॉलेज

मैत्रिणीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, हे तेव्हा सुचलंच नाही. उघडली, आणि दहा मिनिटांत माझ्या नंबरवरून तीच पत्रिका आतेला, मामाला, सगळ्यांना. भावाने आधी सिम काढलं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं बंद केलं, मग फोन पूर्ण पुसला. हाच क्रम ठेवा.

मडगाव, नाव नको

शेअरच्या ग्रुपमध्ये अडकलो. ॲपवर नफा दिसत होता, काढायला गेलो की ‘आधी टॅक्स भरा’. कळल्यावरही चार दिवस बायकोला सांगितलं नाही. रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे गेलो तेव्हा पैसे कितीतरी खात्यांतून फिरून गेले होते. पहिल्या तासात १९३० ला कळवलं असतं तर पुढचं खातं तरी अडवता आलं असतं. चार दिवस मी लाजेत घालवले. कुणी वाचत असेल, तर आत्ता घरात सांगा.

सुरुवात केलेली, पुन्हा

मडगावच्या दादांनी लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, माझं एक राहिलं, ते घाल. त्या माणसाला माझ्या आधारचे शेवटचे चार आकडे माहीत होते, म्हणून मी त्याला खरा पोलीस समजलो. आधारच्या झेरॉक्स किती ठिकाणी दिल्या ते मोजायला बसलो, सिमचं दुकान, सोसायटी, दोन लॉज, आणि पुढचं आठवेना.