‘एक डबा सूप घाला’: अमेरिकेच्या घरगुती स्वयंपाकात डबाबंद सूप इतके मुरले कसे?

खलबत्ता:
नमस्कार. दोन वर्षांपासून आम्ही मिनेसोटात राहतो. येत्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेजारच्या आजींनी जेवायला बोलावले आहे आणि प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असल्यामुळे माझ्या वाट्याला फरसबीचे कॅसरोल, म्हणजे सगळे एकत्र करून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ, आले आहे. आजींनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेली कृती अशी: चार कप शिजवलेली फरसबी, एक डबा क्रीम ऑफ मश्रूम सूप, अर्धा कप दूध, एक चमचा सोया सॉस, थोडी मिरपूड आणि डब्यातलाच तळलेला कांदा. काल सरावासाठी सूपचा डबा फोडला, तर तो पालथा करूनही बराच वेळ काही पडेना, आणि मग एकदम फच्च असा आवाज होऊन डब्याच्या वळ्या अंगावर तशाच घेतलेला एक करडा गोळा पातेल्यात उभा राहिला. हे सूप म्हणून पितात यावर माझा विश्वास बसेना. पांढरा सॉस मला उत्तम जमतो, ताजी अळंबीही मिळतात. तेव्हा डब्याला फाटा दिला तर चालेल का? दुसरे असे की, याच, म्हणजे कॅम्पबेल कंपनीच्या, सूपच्या डब्याचे चित्र मुलीच्या चित्रकलेच्या पुस्तकात थोर कलाकृती म्हणून छापलेले आहे. या डब्यात एवढे आहे तरी काय?

मीठमोहरी:
तुम्ही पाहिलेला गोळा बिघडलेला नव्हता. ते सूप मुद्दामच तसे आटवलेले असते. कॅम्पबेल ही न्यू जर्सीतल्या कॅम्डन गावची कंपनी, स्थापना १८६९ ची. १८९७ मध्ये जॉन डॉरन्स हा जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला तरुण तिथे आठवड्याला साडेसात डॉलर इतक्या किरकोळ पगारावर रुजू झाला. (काका तिथेच व्यवस्थापक होते, म्हणून शिरकाव झाला, पुढे कंपनीच त्याची झाली.) सूपच्या डब्यात जागा आणि वजन पाणीच खाते, आणि पाणी तर प्रत्येकीच्या घरी असते, एवढे साधे गणित त्याने मांडले. निम्मे पाणी काढून टाकल्यावर डबा लहान झाला, रेल्वेचे भाडे घटले आणि सूप १० सेंटला विकणे परवडू लागले.

मात्र आटवलेल्या सूपला आणखी एक गुण आपोआप लागला. पाणी न घालता वापरले, तर ते मैदा, स्निग्धांश आणि मीठ आधीच बेतून ठेवलेला पांढरा सॉस होते. सॉसमध्ये गुठळी होण्याची भीती नाही, ढवळत उभे राहणे नाही. १९३४ मध्ये क्रीम ऑफ मश्रूम बाजारात आले आणि तुमच्या मिनेसोटात तर ते इतके रुळले की त्याला थट्टेने ‘लुथरन बाइंडर’ म्हणतात, म्हणजे तिथल्या लुथरन पंथाच्या चर्चच्या सामुदायिक जेवणातल्या प्रत्येक हॉटडिशला (तिकडे कॅसरोलला हेच म्हणतात) बांधून ठेवणारा लगदा. चवीचे म्हणाल तर अळंबीपेक्षा मीठच अधिक जाणवते, हे मात्र खरे.

रंगीत_पान:
मी बरीच वर्षे जाहिरातीच्या धंद्यात काढली, म्हणून त्या अंगाने लिहितो. आजींची कृती घराण्यातली वाटत असली, तरी तिचे माहेर कंपनीच्याच स्वयंपाकघरात आहे. १९५५ मध्ये कॅम्डनच्या गृहविज्ञान विभागात डॉर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. कोणत्याही घरात सापडतील अशा मोजक्या जिनसांत पदार्थ व्हावा, ही अट होती. २००२ मध्ये त्या कृतीचे मूळ कार्ड अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानगृहाकडे सुपूर्द करण्यात आले. यातली खरी हुशारी मला ‘एक डबा’ या दोन शब्दांत दिसते. वाटी मोजली तर उरलेले सूप तसेच राहते आणि पुढच्या वेळी कुठलेही चालते. पण डबा हेच माप झाले की कृती आईकडून मुलीकडे जाताना सोबत खरेदीची यादीही जाते. आपल्याकडे बिनअंड्याच्या केकच्या कितीतरी हस्तलिखित कृतींत ‘एक डबा कंडेन्स्ड मिल्क’ असते, ते याच जातीचे.

याच कंपनीचा एक किस्साही सांगण्याजोगा आहे. सूपमधल्या भाज्या बशीत तळाशी बसतात आणि छायाचित्रात नुसते पाणी दिसते, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस जाहिरातींसाठी बशीच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या आणि भाज्या वर तरंगल्या. प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे गेले. वॉशिंग्टनच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘सूप’ हेच आद्याक्षरी नाव घेऊन संघटना काढली आणि कंपनीने पुढच्या जाहिरातींत आपली चूक छापावी, अशी मागणी केली. १९७० मध्ये असे पुन्हा न करण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. चूक छापण्याची सक्ती झाली नाही, तरी अशी सक्ती करता येते हे तत्त्व आयोगाने मान्य केले. ग्राहक कायद्याच्या वर्गात या गोट्या अजून निघतात.

कोरा_कॅनव्हास:
चित्राबद्दल. लाल-पांढरे लेबल १८९८ चे, कॉर्नेल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या पोशाखावरून सुचलेले. मधले सोनेरी पदक १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातले. चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ३२ चित्रे मांडली, कारण तेव्हा सूपचे ३२ प्रकार मिळत होते. चित्रे दुकानातल्या फळीवर ठेवल्यासारखी ओळीने लावली होती. शेजारच्या एका दालनाने खरे डबे खिडकीत रचून ‘आमच्याकडे स्वस्त’ अशी खिल्लीही उडवली. १०० डॉलरला एक, या भावाने जेमतेम पाच चित्रांची विक्री ठरली होती. दालनाचे चालक अर्व्हिंग ब्लम यांनी संच फुटू नये म्हणून ती परत मिळवली आणि सगळा संच १,००० डॉलरला, तोही हप्त्याने, घेतला. आज तो न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहे.

ही चित्रे छापील वाटतात, पण हाताने रंगवलेली आहेत. जवळून पाहिलीत तर खालच्या कडेची फुलांची नक्षी ठशाने उमटवल्यामुळे कुठे गडद, कुठे पुसट लागली आहे, आणि पदकातल्या आकृत्या न काढता तिथे नुसते सोनेरी वर्तुळ सोडले आहे. मुलीला छापील पानावरही ते वर्तुळ दाखवा. पुढे कंपनीने स्वतःच एक डॉलर आणि दोन लेबलांच्या बदल्यात या डब्यांच्या चित्रांचा कागदी झगा देऊ केला. जाहिरातीतून चित्र आणि चित्रातून पुन्हा जाहिरात.

खलबत्ता:
सर्वांचे आभार. आजींना भीतभीत पांढऱ्या सॉसबद्दल विचारले. त्या हसून म्हणाल्या, “अवश्य कर, पण मग त्याला दुसरे नाव दे.” तेव्हा डब्याचेच करते. मीठ वेगळे घालणार नाही. कांदा मात्र घरी, बिर्याणीला तळतो तसा तळला तर आजींना चालेल का, की तिथेही नाव बदलावे लागेल?

मीठमोहरी:
कांदा खुशाल तळा, फक्त आधी थोडा मैद्यात घोळवा, म्हणजे तो डब्यातल्या कांद्यासारखा कुरकुरीत राहील. निम्मा फरसबीत मिसळा आणि निम्मा शेवटची पाच मिनिटे उरली की वरून पसरा. आधीच घातलात तर करपेल.