ऑटिझमचं जनुक शोधायचं कशासाठी?

दोघांची आई
थोरल्याचं निदान झालं तेव्हा घरच्यांनी आधी मलाच विचारलं, "दिवस असताना काही खाल्लंस का?" एके काळी तर डॉक्टरच म्हणत, आईची माया कमी पडते म्हणून मूल असं होतं. १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळी तपासली. एकबीज, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता; द्विबीज, म्हणजे साध्या भावंडांइतकीच जनुकं जुळणाऱ्या १० जोड्यांत एकीतही नाही. आयांवरचा आळ उतरायला असे अभ्यास लागले. म्हणून कुटुंबांनी संशोधनाला डीएनएचे नमुने द्यावेतच.

मी ऑटिस्टिक
ताई, तुमच्यावर अन्यायच झाला. पण मी मोठा झालेला ऑटिस्टिक माणूस आहे, आणि हा शोध कुठे जाऊन थांबेल याची मला भीती वाटते. आज कारण, उद्या गर्भचाचणी. ब्रिटनमध्ये २०२१ साली 'स्पेक्ट्रम १०के' प्रकल्पाला १०,००० ऑटिस्टिक लोकांचा डीएनए हवा होता. आमच्यासारख्यांनी हेच प्रश्न विचारले आणि काही आठवड्यांतच काम थांबवावं लागलं.

दोघांची आई
चाचणी करणार कशाची? एक जनुक नाहीच मुळी. २०२० च्या मोठ्या अभ्यासात १०२ जनुकं निघाली, आणि पुष्कळांच्या बाबतीत तर बारीकसारीक फरकांची बेरीजच असते. थोरल्याच्या एका जनुकात बदल सापडला, तो आम्हा दोघांतही नव्हता. त्याच्यातच नव्याने घडलेला. त्या दिवशी मी पोटभर रडले. इतकी वर्षं मनात धरलेलं ओझं उतरलं हो.

धाकटा भाऊ
माझ्या बहिणीला ऑटिझम आणि फिट्स, दोन्ही. तपासणीत ट्यूबरस स्क्लेरोसिस निघाला, म्हणजे मेंदू, मूत्रपिंडं अशा अवयवांत गाठी करणारा जनुकीय आजार. तेव्हापासून तिच्या मूत्रपिंडांवर नियमित लक्ष ठेवतात. नाव कळलं नसतं तर कोणी तिकडे बघितलंच नसतं.

मी ऑटिस्टिक
दादा, हे मला शंभर टक्के मान्य. तब्येतीसाठी तपासणी जरूर करा. माझा राग वेगळा आहे. संशोधनाचा मोठा पैसा जीवशास्त्राकडे जातो. मोठेपणी आम्ही नोकरी कशी टिकवायची, आईवडिलांच्या माघारी कोणाकडे राहायचं, यासाठी फारच थोडा उरतो.
आणि ताई, नमुना देताना संमतीपत्र वाचलंत? तो पुढे कोणाला देणार, तुम्हाला परत मागता येईल का, हे त्यात लिहिलं होतं?

दोघांची आई
नाही वाचलं. सही करून मोकळी झाले. कपाटात असेल, आज काढून वाचते.