मदत हवी आहे: दुकानातल्या बेटिंग किऑस्कच्या नादातून भावाला कसं बाहेर काढू? (ओहायो)

नमस्कार. कोलंबस आणि आसपासच्या मंडळींकडून सल्ला हवा आहे.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, एमएस करतोय, आमच्याकडेच राहतो. परवा त्याचं जॅकेट धुवायला टाकताना खिशातून अकरा स्लिपा निघाल्या, सगळ्या आमच्या नेहमीच्या दुकानातल्या बेटिंग किऑस्कच्या, म्हणजे खेळांच्या सामन्यांवर पैजा लावायच्या मशीनच्या. विचारलं तर म्हणाला, "ताई, पाच-दहा डॉलरचं असतं गं." बेरीज केली, २६० डॉलर. तारखा चारच दिवसांच्या.

मी मुद्दाम जाऊन ते मशीन पाहिलं. लॉटरीच्या मशीनशेजारी, दूध घेऊन परतायच्या वाटेवरच. कोण जिंकणार, किती फरकाने, दोन्ही संघांचे मिळून गुण किती, यावर बोट ठेवायचं, नोट सरकवायची, स्लिप बाहेर. एका स्लिपवर चारपर्यंत पैजा जोडता येतात, त्याला पार्ले म्हणतात. सगळ्या लागल्या तरच पैसे. त्याच्या बहुतेक स्लिपा पार्लेच्या, तीन बरोबर नि एक चुकलेली. "थोडक्यात हुकलं बघ," म्हणून तो मला त्या दाखवत होता आणि माझ्या पोटात गोळा आला. सोलापूरला आमचे काका मटक्याचा आकडा एका घराने हुकला की अगदी याच सुरात बोलायचे. आजीच्या पाटल्या त्यातच गेल्या.

इथे १ जानेवारी २०२३ पासून हे कायदेशीर आहे, वयाची २१ पूर्ण असली की झालं. त्यामुळे "गुन्हा थोडाच करतोय?" यावर मला उत्तर सुचत नाही. दुकानांतल्या आणि बारमधल्या किऑस्कवर आठवड्याला ७०० डॉलरची मर्यादा आहे, पण विद्यार्थ्यासाठी ती कसली मर्यादा! घरभाड्यातला त्याचा महिन्याचा वाटाच ४५० आहे.

टाइम आउट ओहायोमध्ये, म्हणजे स्वतःवर जुगाराची बंदी घालून घ्यायच्या राज्याच्या यादीत, त्याच्या वतीने मी नाव घालू शकते का? आणि घरात कुणाशी हे बोलायची वेळ आली असेल, तर सुरुवात कशी केलीत? आईला सांगावं का, तेही कळत नाही. काकांचं सगळं तिने डोळ्यांनी पाहिलंय.

प्रतिसाद:
ताई, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मी यातून गेले आहे. टाइम आउटचा अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो, एक वर्ष, पाच वर्षं किंवा कायमचा. पण राज्याच्या हेल्पलाइनवर, १-८००-५८९-९९६६, घरच्यांनाही बोलता येतं. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत. मी आधी तिथेच रडले. मग स्लिपा तारखेप्रमाणे टेबलावर लावल्या आणि बेरीज त्याला करायला लावली. मी एक शब्द बोलले नाही. आणि कृपा करून त्याची उधारी तुम्ही फेडू नका. मी दोनदा फेडली, दोन्ही वेळा तो पुन्हा मशीनपाशी गेला.

धागाकर्ती:
खूप आभार. स्लिपा कपाटात जपून ठेवल्यात. रविवारी मॅचच्या दिवशी नको, उद्या सकाळी चहाच्या वेळी बसते त्याच्याबरोबर. आईला तूर्त काही सांगत नाही.