धुळीआडचं कृष्णविवर एक्स-रेला कसं सापडतं?

एक्सरेवाला_नेरुळ:
19 वर्षं एक्स-रे टेक्निशियन आहे. हाताच्या पंजाला 50 केव्ही (किलोव्होल्ट, ट्यूबचा दाब) पुरतात, पण धिप्पाड माणसाची कंबर कुशीवर घ्यायची तर 90 च्या आसपास न्यावं लागतं, नाहीतर मणके दिसतच नाहीत, सगळं पांढरं. काल जेवताना लेक म्हणाली, काही दीर्घिकांच्या मधलं कृष्णविवर धुळीने झाकलेलं असतं आणि ते एक्स-रेने सापडतं. प्रकाश अडतो तिथे एक्स-रे कसे सुटतात? आणि एक्स-रे तर जोडतारेही, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्याही, देतात ना? मग हे कृष्णविवराचेच कशावरून?

खारघरची_टेकडी:
दादा, तुमचं केव्हीचं गणितच तिथे चालतं. 1-2 केईव्हीचे (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं माप) किरण धुळीसोबतच्या वायूत मुरतात, 10 च्या वरचे बरेच आरपार येतात. एनजीसी 4945 ही दीर्घिका बघा, जेमतेम सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर. तिचं केंद्र थेट दिसतं ते 10 केईव्हीच्या वरच. म्हणून 2012 ची नुस्टार दुर्बीण मोलाची, ती 3 ते 79 केईव्ही बघते.

जोडताऱ्यांचं म्हणाल तर, दीर्घिकेत तारे किती वेगाने जन्मतात त्यावरून त्यांच्या एक्स-रेचा अंदाज बांधतात. सगळे मिळून सहसा सेकंदाला 10 चा 42 वा घात अर्गच्या (अर्ग हे ऊर्जेचं एकक) पुढे जात नाहीत, म्हणजे साधारण 26 कोटी सूर्यांची एकूण ऊर्जा. त्याच्या वर गेलं की केंद्राकडे बोट.

पण फार झाकलेलं असलं की आकडा कमीच भरतो. तेव्हा मला भरवसा वाटतो लोखंडाच्या रेषेचा. तुमच्या ट्यूबमधलं टंगस्टन स्वतःचे ठरावीक किरण देतं ना, तसं भोवतालच्या ढगांतलं लोखंड 6.4 केईव्हीवर देतं. ढगांवर आपटून उसळलेल्या किरणांत ही रेषा ठसठशीत उठते. एनजीसी 6240 या दीर्घिकेत चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीला 2002 साली अशी दोन केंद्रं, म्हणजे दोन कृष्णविवरं, सापडली!

कळवा_पूर्व:
नुसत्या तेजावर मात्र जाऊ नका. एम 82 या दीर्घिकेतला एक प्रखर स्रोत कृष्णविवर म्हणून धरला होता. 2014 साली नुस्टारला त्यात 1.37 सेकंदांचे ठोके सापडले. असे नेमाने ठोके कृष्णविवर देत नाही; तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा, निघाला.

एक्सरेवाला_नेरुळ:
आपटून उसळलेले, म्हणजे स्कॅटर! त्याने फोटो धुरकट होतो म्हणून आम्ही ग्रिड (शिशाच्या पट्ट्यांची जाळी) लावून तो अडवतो. आणि ही मंडळी त्यावरूनच आत काय दडलंय ते ओळखतात! डिप्लोमाला कॉम्प्टन स्कॅटरिंग पाठ केलं होतं, आज कळलं. ताई, मनापासून आभार. घरी माझ्याच कमरेची जुनी प्लेट आहे, ती खिडकीला धरून लेकीला सांगतो.