थंडरबर्डचं अ‍ॅड-ऑन दर वर्षी मोडतंय, आणि आता मराठी फोल्डरला अडकलंय

फोंडेकर७८

मंडळी जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. वास्कोला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिससाठी मी २०२२ मध्ये थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचं एक छोटं अ‍ॅड-ऑन लिहून दिलं होतं. काम एवढंच की मेलच्या सब्जेक्टमधला जॉब नंबर शोधायचा आणि बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट जे काय अटॅच असेल ते ऑफिसच्या सर्व्हरवर त्या नंबराच्या फोल्डरात टाकायचं. मेलएक्स्टेन्शनला, म्हणजे थंडरबर्डच्या नियमात राहणाऱ्या अ‍ॅड-ऑनला, हव्या त्या फोल्डरात फाईल लिहिता येत नाही, फार तर डाउनलोड्समध्ये टाकता येते, म्हणून मी शहाणपणा करून एक्सपेरिमेंट एपीआय ही नियमाबाहेरची वाट वापरली आणि थेट थंडरबर्डच्या पोटात हात घातला.

तिथून जे सुरू झालं ते अजून संपलं नाही. व्हर्जन १०२ वर मस्त चाललं. ११५ आलं, खिडकीची सगळी मांडणी बदलली, मी मुख्य खिडकीत घुसवलेलं बटणच गायब. ते नीट केलं तर १२८ आलं, तेव्हा आतल्या जुन्या जेएसएम मॉड्यूलच्या (कोडच्या तुकड्यांच्या) जागी नव्या पद्धतीचे ईएसएम मॉड्यूल येत होते, परत सगळे इम्पोर्ट बदलत बसलो. दर जुलैत इकडे पाऊस आणि तिकडे नवं व्हर्जन, दोन्ही एकदम. या वेळी १४० आलं आणि मी मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅड-ऑनच्या माहितीच्या फाईलीत) कमाल व्हर्जन १२८ लिहून ठेवलेलं, त्यामुळे चवथीची सुट्टी संपवून लोक ऑफिसात आले तर सहाच्या सहा मशीनवर अ‍ॅड-ऑन बंद. मालकांचा फोन सकाळी सव्वानऊला, मी अजून चहापाव खात होतो.

आता ठरवलं की एक्सपेरिमेंट नकोच. अ‍ॅड-ऑन साधं ठेवायचं, फाईल लिहायचं काम बाहेरच्या पायथन प्रोग्रॅमकडे, नेटिव्ह मेसेजिंगने, म्हणजे दोघं एकमेकांना मेसेज पाठवतात. जॉब नंबर असलेले मेल बरोबर जातात. पण नंबर नसलेले मेल ऑफिसात 'बिननंबरी' नावाच्या फोल्डरात जातात, हे नाव जुन्या हेडक्लार्कनी ठेवलंय आणि ते बदलायचं नाही असा हुकूम आहे. तिथे काय होतं, फाईल लिहिली जाते, पण लगेच कनेक्शन तुटतं आणि पुढचे मेल लटकतात. दोन रात्री गेल्या. कुणाला कल्पना?

वेर्णा_रात्रपाळी

तुझं दुःख वाचून बरं वाटलं, म्हणजे मी एकटा नाही. आमच्याकडे फॅक्टरीत आउटलुक, त्याला मी सी-शार्पमध्ये जुन्या पद्धतीचं, मशीनवरच बसवायचं कॉम अ‍ॅड-इन लिहिलेलं. तिथे वेगळंच. अ‍ॅड-इन चालू व्हायला किती वेळ घेतं हे आउटलुक मोजतं, पाच वेळच्या मोजणीतली मधली किंमत १००० मिलिसेकंदांच्या वर गेली की ते अ‍ॅड-इन आपोआप बंद. स्टोअरमधलं मशीन जुनं, साधी हार्ड डिस्क, करंट जाऊन आला की पहिल्या स्टार्टला सी-शार्पला लागणारं डॉट नेट फ्रेमवर्क उठायलाच दोन-तीन सेकंद. माझा कोड चालायच्या आधीच वेळ संपलेली. युजर म्हणतो बटण गेलं. मी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही) उघडून बघतो तर कुठे अ‍ॅड-इन बंद याद्यांमध्ये, कुठे लोडबिहेविअर ३ चं २ झालेलं, म्हणजे आपोआप चालू होणं बंद. शेवटी सुरुवातीचं सगळं काम काढलं, बटणावर क्लिक होईपर्यंत काहीच लोड करायचं नाही, तेव्हा कुठे शांतता.

आणि हे करून उपयोग काय, तर नव्या आउटलुकमध्ये कॉम अ‍ॅड-इन चालतच नाही. फक्त वेब अ‍ॅड-इन, म्हणजे एचटीएमएल-जावास्क्रिप्टचं पान एचटीटीपीएस सर्व्हरवर ठेवायचं आणि ते आउटलुकने आत दाखवायचं. लोकल फाईलला हात नाही. जुनं क्लासिक आउटलुक किमान २०२९ पर्यंत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, त्या भरवशावर आहे. तुझ्या बगचं मात्र मला नाही माहीत.

म्हापशाचो_पायथन

फोंडेकर, एक विचारतो. जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) डम्प्स करताना एन्शुअर-आस्की फॉल्स केलंस काय, म्हणजे मराठी अक्षरं कोड न करता तशीच जाऊ दिलीस काय?

फोंडेकर७८

हो. लॉगमध्ये मराठी नावं उलटसुलट कोडमध्ये दिसत होती म्हणून. का?

म्हापशाचो_पायथन

सापडलं मग. नेटिव्ह मेसेजिंगमध्ये प्रत्येक मेसेजच्या आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवायची असते. ती लांबी बाइटची, अक्षरांची नाही. तू बहुतेक स्ट्रिंगवरच (मजकुरावरच) लेन हे लांबी मोजायचं फंक्शन लावून पाठवतोयस. 'बिननंबरी' मध्ये काने-मात्रा-अनुस्वार वेगळे धरून आठ कोडपॉइंट (सुटी चिन्हं) आहेत, पायथन ८ मोजतो. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत) देवनागरीचा एकेक कोडपॉइंट ३ बाइट खातो, म्हणजे खरे २४. तू १६ ने कमी सांगतोस, थंडरबर्ड तेवढंच वाचतो, जेसन अर्धवट तुटतं आणि तो कनेक्शन बंद करतो. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट म्हणून जॉब नंबरवाले फोल्डर चालले. फाईल लिहिली जाते कारण गडबड उत्तर परत पाठवताना होतेय.

आधी यूटीएफ-८ मध्ये एनकोड कर, मग त्या बाइट्सची लांबी घे, आणि साध्या स्टडआउटला (प्रोग्रॅमच्या आउटपुटला) न लिहिता त्याच्या बफरला, म्हणजे कच्चे बाइट जातात तिथे, लिही, नाहीतर विंडोजवर नवी ओळ आली की तो गुपचूप एक बाइट जास्त घालतो आणि परत हाच खेळ. डीबगसाठी प्रिंट टाकला असशील तर तोही काढ, तो स्टडआउटमधूनच जातो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, तेही गोकाककडचे पाहुणे घरी असताना.

पर्वरी_टेकडी

मला मूळ मुद्दाच पटत नाही. यासाठी अ‍ॅड-ऑन हवंच कशाला? सर्व्हरवर एक आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) स्क्रिप्ट ठेव, नवा मेल आला की अटॅचमेंट काढून फोल्डरात. थंडरबर्डचं व्हर्जन काही का होईना, तुला देणंघेणं नाही. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहायचं आणि भिंत हलवली म्हणून रडायचं, यात अर्थ नाही.

फोंडेकर७८

पर्वरीबाब, तेच करणार होतो. पण ऑफिसात पॉप आहे. मेल मशीनवर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. मालकांचं म्हणणं, मेल आपल्या कपाटात पाहिजे. आता त्यांना आयमॅप समजावायला मी तीनदा गेलो, तीनदा लिंबूसोडा पिऊन परत आलो.

पर्वरी_टेकडी

बरं मग राहिलं. फक्त थंडरबर्ड ज्यात मेल साठवतो त्या एमबॉक्स फाईल थेट वाचायच्या फंदात पडू नकोस. पुसलेले मेल कॉम्पॅक्ट (फाईल आवळून साफ) होईपर्यंत त्या फाईलमध्ये तसेच पडून असतात, नुसती खूण बदलते, आणि कॉम्पॅक्ट झालं की सगळ्यांच्या जागा सरकतात. एका हॉटेलच्या रिझर्व्हेशनसाठी मी ते केलं होतं, रद्द झालेली बुकिंग परत येऊन बसली. डिसेंबर होता. पुढचं विचारू नकोस.

काणकोण_मॅक

मॅकवाल्यांकडून एक ओळ. आमच्याकडे अ‍ॅपलच्या मेल प्रोग्रॅमच्या जुन्या प्लगइनना प्रत्येक सिस्टिम अपडेटनंतर पीलिस्टमध्ये (सेटिंगच्या फाईलीत) नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घालायला लागायचा, नाहीतर लोडच व्हायचे नाहीत. मॅकओएस सोनोमापासून, म्हणजे २०२३ पासून, ते प्रकरणच मिटलं, आता फक्त अ‍ॅपलचं मेलकिट, आणि त्यात जेवढ्या खिडक्या उघड्या ठेवल्यात तेवढ्यातूनच हात घालायचा.

फोंडेकर७८

म्हापशाचो, देव बरें करूं! लेनच होतं. बाइट्सवर लावलं, बिननंबरी पाण्यासारखं चाललं. प्रिंटही एक सापडला, लाजतोय.

आणखी एक चांगलं झालं. एक्सपेरिमेंट असताना इन्स्टॉल करताना 'थंडरबर्ड आणि तुमच्या कॉम्प्युटरवर पूर्ण, अनिर्बंध अ‍ॅक्सेस' अशी धमकीवजा पाटी यायची आणि रिसेप्शनवरच्या बाई दर वेळी मला फोन करून विचारायच्या हे दाबू ना. ती पाटी गेली. पण प्रत्येक मशीनवर पायथन, होस्टची (त्या बाहेरच्या प्रोग्रॅमची) जेसन फाईल आणि रजिस्ट्रीत मोझिलाच्या नावाखाली एक की (नोंद), हे आता हाताने घालायला लागतंय. मालक म्हणतात, पूर्वी एक फाईल टाकली की झालं होतं, आता एवढा वेळ का. वर्षाचं मेंटेनन्स बोललो तर म्हणाले दिवाळीनंतर बघू.

म्हापशाचो_पायथन

पायथन इन्स्टॉल करू नकोस, पायइन्स्टॉलरने सगळ्याची एक ईएक्सई बांध आणि रजिस्ट्रीतल्या नोंदीसाठी बॅच फाईलमध्ये रेग अ‍ॅड घाल, सहा मशीन अर्ध्या तासात. मॅनिफेस्टमध्ये अपडेट यूआरएल तुझ्या सर्व्हरची दे, म्हणजे पुढच्या वेळी वास्कोला जायला नको. आणि दिवाळीनंतर म्हणजे नक्की कुठली दिवाळी ते लिहून घे.